पाना उचलण्याआधी: प्रोपेलर गव्हर्नरची देखभाल आणि दोषशोधन

टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) 'प्रोपेलर हंटिंग' (आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, आपोआप वरखाली झुलणं) किंवा 'आरपीएम कमी' असा स्नॅग, म्हणजे दोषाचा शेरा, आला की हँगरमधला पहिला हात गव्हर्नरच्या, म्हणजे पात्यांचा कोन बदलून आरपीएम कायम राखणाऱ्या यंत्राच्या, नटांकडे जातो. स्टोअरमध्ये दुसरा गव्हर्नर असला तर मग बघायलाच नको. बदली होते, विमान उडतं आणि आठवड्याभरात तोच स्नॅग परत येतो. तिकडे काढलेला गव्हर्नर शॉपच्या टेस्ट बेंचवर मुकाट चालतो, आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा बिलासकट घरी येतो. माझं म्हणणं साधं आहे: दोष गव्हर्नरमध्येच आहे हे आधी सिद्ध करा, मगच पाना उचला. आणि गव्हर्नर खरोखर बिघडला असेल, तर बहुतेक वेळा तो तेलाने बिघडवलेला असतो, हेही लक्षात असू द्या.

पुढचं सगळं पिस्टन इंजिनाच्या विमानांपुरतं आहे: सेसना 182, 172 आरजी, पायपर ॲरो ही एका इंजिनाची, आणि पायपर सेनेकासारखी दोन इंजिनांची. फ्लाइंग क्लबांत बरंच दिसणारं साधं सेसना 172 यात नाही. त्याचा प्रोपेलर फिक्स्ड पिचचा, म्हणजे पात्यांचा कोन (पिच) न बदलणारा, त्याला गव्हर्नर नसतोच. टर्बोप्रॉपचं प्रकरण निराळं आहे, त्यात इथे शिरत नाही. काम करताना शेवटचा शब्द मॅन्युअलचा, आणि सही ज्याच्याकडे त्या विमानाचं बी1.2 (पिस्टन विमानांच्या देखभाल परवान्याचा वर्ग) रेटिंग आहे त्याची.

आत काय चालतं

इंजिनाच्या गॅलरीतून (तेलवाहिनीतून) साधारण 60 ते 80 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने तेल गव्हर्नरकडे येतं. आतला छोटा गिअर पंप ते 300 पीएसआयच्या आसपास नेतो. त्यापुढे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. पंपाच्याच शाफ्टवर दोन फ्लायवेट फिरत असतात. आरपीएम वाढला की ते बाहेर फाकतात आणि मधला पायलट व्हॉल्व्ह (प्रोपेलरकडची तेलाची वाट उघडणारी-बंद करणारी सरकती दांडी) वर उचलतात. त्यांच्या डोक्यावर स्पीडर स्प्रिंग खाली दाबत असते. कॉकपिटमधला प्रॉप लिव्हर पुढे ढकलला की स्प्रिंगचा दाब वाढतो, मागे ओढला की कमी होतो. फ्लायवेटची ओढ आणि स्प्रिंगचा दाब यांची बरोबरी झाली की पायलट व्हॉल्व्ह तेलाची वाट बंद करतो आणि पिच आहे तिथे थांबते. एवढंच यंत्र. पायलट व्हॉल्व्ह आणि त्याच्या बाहीमधली फट मात्र इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे अडकू शकतो.

तेल गेलं तर पातं कुठे जातं

हे पक्कं डोक्यात नसेल तर दोष शोधताना उलट्या दिशेने चालत राहाल. 182 किंवा ॲरोसारख्या एक इंजिनाच्या नेहमीच्या विमानांत तेलाचा दाब पिच वाढवतो. दाब गेला की पातं लो पिचला (कमी कोनाला) येतं आणि आरपीएम चढतो. सेनेकासारख्या फेदर होणाऱ्या (इंजिन बंद पडल्यावर पाती वाऱ्याच्या दिशेत वळणाऱ्या) प्रोपेलरमध्ये उलट आहे: तेलाचा दाब पिच कमी करतो आणि काउंटरवेट (पात्यांच्या मुळाशी लावलेली वजनं), स्प्रिंग व सिलिंडरमधली हवा किंवा नायट्रोजन मिळून पातं हाय पिचकडे, म्हणजे शेवटी फेदरकडे नेतात. तेल गेलं तर आरपीएम पडतो. कसरतीच्या काही विमानांत इंजिन एक असूनही दुसरा प्रकार वापरतात, कारण उलटं उडताना क्षणभर तेल तुटलं तरी इंजिन ओव्हरस्पीड व्हायला नको.

दोन्ही प्रकारचे गव्हर्नर बाहेरून सारखेच दिसतात. शाफ्ट डावीकडे फिरणारा की उजवीकडे, हाही फरक असतो. सेनेकाची दोन इंजिनं एकमेकांच्या विरुद्ध फिरतात, म्हणून 'चला, डावीकडचा उजवीकडे लावून बघू' हा दोष शोधण्याचा सोपा मार्ग तिथे बंद आहे. डेटा प्लेटवरचा पार्ट नंबर पार्ट्स कॅटलॉगशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, शेवटच्या अक्षरासकट.

नेहमीची देखभाल: तेल, तेल आणि लिंकेज

फुल-फ्लो फिल्टर असलेल्या इंजिनाचं तेल आणि फिल्टर लायकमिंग ही इंजिन बनवणारी कंपनी 50 तासांनी बदलायला सांगतं. नुसती प्रेशर स्क्रीन असेल तर 25 तासांनी. आणि तास झाले नसले तरी चार महिन्यांनी. गव्हर्नरचं आयुष्य याच ओळीवर टांगलेलं असतं. फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरा, कणांवरून चुंबक फिरवा. चमकणारा पण चुंबकाला न चिकटणारा चुरा दिसला तर तो ॲल्युमिनियमचा, पिस्टन पिन प्लगकडून आला असू शकतो. इंजिनाने धातू टाकला असेल तर प्रश्न एकट्या इंजिनाचा राहत नाही: तेच तेल गव्हर्नरमधून आणि हबमधून (पाती जिथे बसतात त्या प्रोपेलरच्या मधल्या भागातून) फिरलेलं असतं. इंजिन ओव्हरहॉलला पाठवायचं आणि जुना गव्हर्नर पुसून नव्या इंजिनावर चढवायचा, ही काटकसर मी पाहिली आहे. नव्या बेअरिंगांना पहिल्याच दिवशी जुना चुरा पाजण्याचा तो प्रकार. इंजिन ओव्हरहॉल, तेलात धातू, प्रोपेलर स्ट्राइक (फिरता प्रोपेलर कशाला तरी आपटणं): या तिन्ही प्रसंगी गव्हर्नर शॉपला जातोच.

बरीच वर्षं स्ट्रेट मिनरल तेलावर चाललेलं इंजिन एकदम ॲशलेस डिस्पर्संट (घाण तेलात तरंगती ठेवणाऱ्या) तेलावर आणलं तर आतली जुनी घाण सुटते आणि तेलाबरोबर फिरू लागते. असा बदल केला तर पुढचे एक-दोन फिल्टर लवकर काढून बघा.

100 तासांच्या तपासणीत काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडलं की धुण्याआधी बघा. तेलाचा माग धुऊन टाकला की तो कुठून आला हे सांगायला कोणी उरत नाही. गव्हर्नर तीन ठिकाणी गळतो: इंजिनावरच्या बैठकीचं गॅस्केट, बॉडी आणि हेडमधला जोड, आणि कंट्रोल शाफ्टचं सील. नक्की कुठलं ते कळत नसेल तर स्वच्छ पुसा, कोरडं करा, वर टाल्कची पातळ पूड मारा आणि थोडा वेळ इंजिन चालवा. ओली रेघ जागा दाखवते. विंडस्क्रीनवर शिंतोडे असतील तर संशय आधी हबवर घ्या. प्रोपेलर बनवणाऱ्या मॅककॉलीच्या काही हबमध्ये मुद्दाम लाल रंगाचं तेल भरलेलं असतं. तो लाल माग दिसला तर हबला तडा आहे असं धरून विमान जमिनीवरच ठेवायचं.

लायकमिंगच्या ज्या इंजिनांवर गव्हर्नर मागच्या ॲक्सेसरी केसवर असतो, तिथून पुढे क्रँककेसपर्यंत तेलाची बाहेरची नळी जाते. ती घासते का, क्लॅम्प सैल आहेत का, टोकाची फिटिंग कशाची आहे, हे बघा. ॲल्युमिनियमच्या फिटिंग तुटून सगळं तेल बाहेर गेल्यामुळे त्या स्टीलच्या करण्याचा सक्तीचा आदेश एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने) काढलेला आहे. जुन्या विमानाच्या लॉगबुकात त्याची नोंद शोधा आणि प्रत्यक्षातही बघा. नोंद आहे म्हणून फिटिंग स्टीलची असेलच असं नाही.

आता लिंकेज. कंट्रोल आर्मच्या टोकाचा रॉड एंड बोटाने हलवून त्याचा खेळ पाहा. बोल्टला स्प्लिट पिन आहे का, बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर आहे का तेही बघा. बेअरिंग निखळलं तरी केबल आर्मवर अडकून राहावी म्हणून तो वॉशर असतो. बाहेरच्या आवरणाचा क्लॅम्प सैल असेल तर पायलट लिव्हर हलवतो तेव्हा आर्मऐवजी आवरणच सरकतं. मग आरपीएम 'हळूहळू सरकतो' अशी तक्रार येते आणि बदनाम होतो गव्हर्नर. एकाने कॉकपिटमध्ये लिव्हर सावकाश पुढे-मागे करावा आणि दुसऱ्याने आर्मकडे बघावं. नॉब पॅनलला टेकण्याआधी आर्म गव्हर्नरच्या हाय आरपीएम स्टॉपला टेकला पाहिजे. नॉब आणि पॅनल यांच्यात थोडी मोकळी जागा उरते. सेसनात ती साधारण 3 मिलिमीटर असते. ती नसेल तर पायलटचा लिव्हर पूर्ण पुढे असतानाही आर्म स्टॉपपर्यंत पोचलेला नसतो.

स्नॅग आल्यावर

पहिला प्रश्न पायलटला. किती आरपीएम, कोणत्या अवस्थेत, इंजिन थंड होतं की तापलेलं, टेकऑफला की क्रूझला? 'प्रॉप नीट नाही' या तीन शब्दांवर काम सुरू करू नका.

मग टॅको, म्हणजे आरपीएम दाखवणारं यंत्र. केबलवर चालणारा जुना टॅको कोरडा पडला किंवा केबलला मुरड पडली की काटा थरथरतो आणि त्याला हंटिंगचं नाव मिळतं. ऑप्टिकल टॅकोमीटर पात्यांवर धरून तुलना करा. 2700 च्या रेडलाइनला (कमाल आरपीएमला) 50 चा फरक सापडला तर स्नॅग तिथेच संपू शकतो.

टॅको बरोबर आहे आणि आरपीएम खरोखर झुलतोय? मग इंजिन चालू करून प्रॉप लिव्हर पूर्ण पुढे आणि थ्रॉटल 1500 च्या आसपास ठेवा. या स्थितीत पातं लो पिच स्टॉपवर (कोन कमी होण्याच्या शेवटच्या हद्दीवर) बसलेलं असतं, गव्हर्नरच्या हातात काहीच नसतं. तरीही आरपीएम झुलत असेल तर गव्हर्नर निर्दोष. इंधन, इग्निशन किंवा इनटेकची गळती शोधा. इथे स्थिर आणि वर गव्हर्निंगच्या टप्प्यात गेल्यावरच झुलत असेल, तर दोष प्रोपेलरच्या प्रणालीत आहे. तो हबमध्ये साचलेला गाळ, तेलात अडकलेली हवा, पात्याच्या मुळाशी वाढलेलं घर्षण किंवा गव्हर्नरचा अडखळणारा पायलट व्हॉल्व्ह, यांपैकी काहीही असू शकतो. हब फिरत असताना तेलातला जड गाळ बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतो. म्हणून गव्हर्नर बदलूनही हंटिंग राहिलं तर पुढचा संशयित हब.

टेकऑफला आरपीएम रेडलाइनपर्यंत पोचत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करा, इंजिन तापू द्या, लिव्हर पूर्ण पुढे, पूर्ण थ्रॉटल. समजा आरपीएम 2600 वर थांबला. आता प्रॉप लिव्हर अगदी सावकाश मागे घ्या. लिव्हर हलल्याबरोबर आरपीएम उतरला तर आरपीएम गव्हर्नरनेच धरून ठेवला होता. स्टॉप स्क्रू किंवा केबल बघा. लिव्हर बराच मागे येईपर्यंत आरपीएम जागचा हलला नाही, तर पातं लो पिच स्टॉपवर आहे आणि गव्हर्नरची पाळी आलेलीच नाही. अशा वेळी इंजिन पूर्ण ताकद देत नसेल किंवा प्रोपेलरचा लो पिच अँगल जास्त असेल. किंवा दोषच नसेल: कित्येक विमानांत जमिनीवरचा स्टॅटिक आरपीएम रेडलाइनच्या थोडा खालीच असावा लागतो आणि विमान धावू लागलं की तो भरून निघतो. या एका चाचणीला पाच मिनिटं लागतात, आणि ती न करता काढलेले गव्हर्नर शॉपच्या फळीवर ढिगाने असतात.

टेकऑफला आरपीएम रेडलाइनच्या वर उसळून मग खाली येत असेल तर रन-अप (टेकऑफआधीची इंजिनाची चाचणी) कसा केला ते विचारा. तेल थंड, प्रॉप एकदाच सायकल केला (लिव्हर मागे ओढून परत पुढे नेला), थ्रॉटल झटक्यात पुढे: मग हबमधलं घट्ट तेल वेळेवर हलणार कसं? हँडबुक सांगेल त्या आरपीएमला, सहसा 1700 ते 1800 ला, प्रॉप दोन-तीनदा सायकल करायचा. पहिल्यांदा आरपीएम आळसावून उतरतो, तिसऱ्यांदा चटकन. प्रत्येक वेळी तितकाच आळस दिसला तर तो गाळाचा किंवा हबचा. खरंच ओव्हरस्पीड झाला असेल तर कमाल आरपीएम आणि किती सेकंद हे लिहून घ्या आणि इंजिन व प्रोपेलर दोन्ही उत्पादकांच्या ओव्हरस्पीडच्या सूचना उघडा. 'थोडासा गेला होता' हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

सकाळी सगळं ठीक आणि दुपारी आरपीएम हातात राहत नाही, ही लबाड तक्रार. विदर्भात मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, ती हमखास वर येते. गव्हर्नरकडून क्रँकशाफ्टमध्ये तेल पोचतं ते पुढच्या बेअरिंगपाशी. तिथली झीज वाढली की तापलेलं पातळ तेल वाटेतच निसटतं आणि पंप कितीही धडधाकट असला तरी हबला दाब पुरत नाही. एक इंजिनाच्या विमानात आरपीएम चढतो, सेनेकात पडतो, विशेषतः कमी आरपीएमला. गव्हर्नर बदलून हे जाणार नाही. इंजिन उत्पादकाने तेलमार्गाच्या गळतीची चाचणी दिलेली असते, ती करा.

सेनेकात आणखी एक तपासायचं: सिलिंडरमधला हवेचा दाब. तो तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून तक्ता बघूनच कोरडा नायट्रोजन भरायचा. दाब कमी पडला की आरपीएम आळशी होतो आणि फेदर व्हायला वेळ लागतो. आरपीएम 800 च्या खाली गेला की आतले लॉक पिन पातं अडवतात, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर फेदर करायला मिळणारा वेळ आधीच थोडा असतो. त्यात आळशी प्रोपेलर परवडत नाही.

काढणं आणि बसवणं

सगळं तपासून बोट गव्हर्नरकडेच वळलं, तर आता पाना उचला.

1. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं) बंद, किल्ली खिशात, बॅटरी सोडवलेली. पी-लीड (मॅग्नेटो बंद करणारी तार) तुटलेली असू शकते, म्हणून प्रोपेलर कधीही सुरू होईल असंच समजून वागा.

2. केबल सोडण्याआधी आर्मची जागा आणि कोन यांचा फोटो घ्या. आर्म दातेरी बैठकीवर बसतो. एक दात चुकला की सगळं रिगिंग (लिव्हर, केबल आणि आर्मची जुळणी) हुकतं.

3. खाली भांडं धरा. नट थोडे सैल करा आणि गव्हर्नर तेवढा बाहेर ओढा, मग पुन्हा सैल करा, पुन्हा ओढा. नट आणि बॉडीमध्ये जागा इतकी कमी असते की एकाच दमात नट स्टडवरून सुटत नाहीत. घाई केली तर स्टडचे आटे जातात.

4. जुनं गॅस्केट फेकू नका. त्याच्या मधोमध तारेची बारीक जाळी असते. ती पांढऱ्या कापडावर झटका आणि भिंगाखाली बघा. काळे ठिसूळ कण म्हणजे कार्बन. चमकणारे म्हणजे धातू. नवा गव्हर्नर बसवणं तिथेच थांबवा. रबरासारखे मऊ तुकडे दिसले तर आधी कोणीतरी जोडाला सिलिकॉन सीलंट फासलेलं आहे. या गॅस्केटला सीलंट लावायचं नसतं.

5. उघड्या पॅडवर आणि गव्हर्नरवर झाकणं लावा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.

6. नव्या गव्हर्नरचा शाफ्ट हाताने फिरवा. तो गुळगुळीत फिरला पाहिजे. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या दात्यांना) स्वच्छ इंजिन तेल लावा.

7. नवं गॅस्केट बसवताना जाळीचा फुगीर भाग गव्हर्नरच्या बाजूला ठेवा. हे उलटं होणं ही फार जुनी, फार सार्वत्रिक चूक आहे.

8. स्प्लाइन जुळत नसतील तर प्रोपेलर किंचित हलवून जुळवा. नटांनी खेचून गव्हर्नर कधीही बसवू नका.

9. नट आलटून-पालटून, मॅन्युअलच्या टॉर्कला. खालच्या नटाला क्रोफूट (टॉर्क पान्याला जोडायचं तोंड) लावावा लागला तर टॉर्कचं गणित बदलतं, ते विसरू नका.

10. केबल जोडा, नवी स्प्लिट पिन घाला, आर्म दोन्ही स्टॉपना टेकतो ते पाहा.

पहिल्या रन-अपला तेल तापू द्या आणि प्रॉप नेहमीपेक्षा जास्त वेळा सायकल करा. प्रणालीतली हवा जाईपर्यंत आरपीएम थोडा वेडावाकडा वागेल. बंद करून गळती बघा, मगच काउलिंग लावा.

कमाल आरपीएमची जुळणी

हँगरमध्ये हात लावायला परवानगी असलेला गव्हर्नरवरचा जवळजवळ एकमेव स्क्रू म्हणजे हाय आरपीएम स्टॉप. बाकीच्या स्क्रूंवरची सेफ्टी वायर आणि सील शॉपने लावलेली असते, तिला हात नाही. लॉकनट सैल करून स्क्रू आत फिरवला की आरपीएम कमी होतो, बाहेर काढला की वाढतो. एका फेऱ्याला बहुतेक गव्हर्नरवर साधारण 20 ते 25 आरपीएम. 100 भरून काढायला चार-पाच फेरे द्यावे लागत असतील तर थांबा: दोष दुसरीकडे आहे आणि तुम्ही तो झाकताय. स्टॉप सरकवला की नॉबपाशी ठेवलेली मोकळी जागाही बदलते, म्हणून केबल पुन्हा जुळवायची. शेवटचा आकडा हवेतच बघायचा. त्याच उड्डाणात, आरपीएम मधल्या टप्प्यात ठेवून, लिव्हर न हलवता विमानाचं नाक थोडं खाली-वर करा. आरपीएम क्षणभर हलून जागेवर आला तर गव्हर्नर काम करतोय. वेगाबरोबर आरपीएमही चढत-उतरत राहिला तर प्रोपेलर फिक्स्ड पिचसारखा वागतोय.

उभी विमानं

पावसाळ्यात जुहूसारख्या समुद्रकाठच्या धावपट्टीवर महिना-महिना उभं राहिलेलं विमान आतून गंजतं. फ्लायवेटच्या बेअरिंगवर गंजाचा ठिपका पुरतो. इंजिन जमिनीवरच दहा मिनिटं चालवून काही साधत नाही, उलट पाण्याची वाफ आत साठते. लायकमिंगचा सल्ला असा की निदान 30 दिवसांतून एकदा, तेलाचं तापमान 74 ते 93 अंश सेल्सियसच्या दरम्यान राहील असं सलग तासभर उडवा. दमट जागी त्याहून लवकर. तेवढं जमणार नसेल तर प्रिझर्व्हेशनची पद्धत वापरा, आणि ती करतानाही प्रॉप सायकल करा, म्हणजे संरक्षक तेल गव्हर्नर आणि हबपर्यंत पोचेल.

शॉपला पाठवताना

काढलेल्या गव्हर्नरच्या टॅगवर नुसतं 'हंटिंग' लिहू नका. किती आरपीएमला, तेलाचं तापमान किती, थंड की गरम, 1500 ला स्थिर होता का, जाळीवर काय सापडलं, हब आणि गळतीची तपासणी झाली का, हे सगळं लिहा. जाळीवरचे कण छोट्या पिशवीत घालून सोबत द्या. बेंचवरचा माणूस तेच आरपीएम आणि तेच तापमान लावून बघू शकतो. युनिट परत आलं की सीए फॉर्म 1 (भाग वापरायला योग्य असल्याचा भारतीय दाखला) किंवा स्वीकारार्ह परदेशी रिलीज सर्टिफिकेटवरचा पार्ट नंबर आणि सिरियल नंबर डेटा प्लेटशी ताडा. तिथे 'ओव्हरहॉल्ड' लिहिलंय की नुसतं 'टेस्टेड', तेही वाचा. तुम्ही पैसे कशाचे दिले आणि लॉगबुकात तास शून्यापासून मोजायचे की नाहीत, हे त्या एका शब्दावर ठरतं.